मृदुकवची कासवांचा वंशवृक्ष

कासव म्हटले की टणक पाठीचा प्राणी डोळ्यांसमोर येतो. ट्रायोनिकिडी या गोड्या पाण्यातील कुलाची कासवे मात्र याला अपवाद आहेत. त्यांच्या पाठीवर खवले नसतात. हाडांच्या चपट्या ढालीवर केवळ कातडीचे आवरण असते आणि कड मऊ, लवचिक असते. प्रत्येक पायाच्या तीनच बोटांना नख्या असतात. त्यावरूनच ‘ट्रायोनिक्स’, म्हणजे त्रिनखी, हे नाव १८०९ मध्ये रूढ झाले.

मऊ कवच ही कासवांची आदिम अवस्था असावी, असे सहज वाटते. वास्तव उलट आहे. या कासवांचे पूर्वज पूर्ण कवचाचे होते. खवले आणि कडेची हाडे पुढे लोप पावली. उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीतील डुकरासारख्या नाकाचे कासव हे त्यांचे सर्वांत जवळचे आप्त. त्याच्याही पाठीवर खवले नाहीत, पण कडेची हाडे शाबूत आहेत. चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेला ‘पेरोकेलिस’ हा सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म मात्र आजच्या मृदुकवची कासवांसारखाच दिसतो. म्हणजे हे रूप तेव्हाच घडले होते. पुढे हे कुल अनेक खंडांत पसरले. युरोप व ऑस्ट्रेलियात आज त्याचे केवळ जीवाश्मच आढळतात.

आज या कुलात तीसहून अधिक जाती असून त्यांची दोन उपकुले मानतात. सायक्लानॉर्बिनी उपकुलातील कासवांना मागचे पाय झाकणाऱ्या कातडी झडपा असतात. भारतातील ‘लिसेमिस’ त्यांपैकीच. उरलेली सर्व ट्रायोनिकिनी उपकुलात येतात. पूर्वी यांतील बहुतेक जाती ‘ट्रायोनिक्स’ या एकाच प्रजातीत कोंबलेल्या होत्या. पीटर मेलन यांनी १९८७ मध्ये हाडांच्या अभ्यासावरून त्यांची फेरमांडणी केली. त्यानंतर जनुकीय अभ्यासाने तीत आणखी बदल घडवले.

या बदलांचा पुण्याशीही संबंध आहे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून ‘लीथचे कासव’ नोंदवले. ते आधी ट्रायोनिक्स, मग अ‍ॅस्पिडेरेटिस आणि २००७ च्या जनुकीय अभ्यासानंतर निल्सोनिया प्रजातीत गणले गेले. दक्षिण भारतीय द्वीपकल्पातील नद्यांपुरतेच मर्यादित असलेले हे कासव आज अतिसंकटग्रस्त आहे. २०२२ मध्ये पनामा येथील ‘साइट्स’ परिषदेत, भारताच्या प्रस्तावावरून, त्याला व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. असे संरक्षण जातीच्या नावाने मिळते. म्हणूनच कोणते कासव कोणत्या जातीचे, हा प्रश्न केवळ ग्रंथालयापुरता उरत नाही.