क्यूच्या टोकावरचे चामडे



आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. इतिहासाच्या व्याख्यानात एखादे राज्य असावे, लढाई असावी, निदान एखादा तह तरी असावा, अशी अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. आम्ही मात्र तुमच्यापुढे ठेवणार आहोत ती बोटाच्या नखाएवढी चामड्याची एक चकती. बिलियर्ड आणि स्नूकर या खेळांत ज्या लांब काठीने चेंडू मारतात, तिला क्यू म्हणतात. त्या क्यूच्या टोकाला ही चकती चिकटवलेली असते. तिला खेळाडू टिप म्हणतात. ती झिजली की काढून टाकतात आणि नवी चिकटवतात. एवढ्याशा कामाला इतिहास तो काय असणार? आमचे म्हणणे असे की, तो आहे. आणि तो नीट पाहिला तर ज्ञान कोणाचे, श्रम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा जुनाच प्रश्न त्यातून पुन्हा उभा राहतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, मुळात या खेळात क्यू नव्हताच. सतराव्या शतकात युरोपातील सरदार-दरकदार हिरवी बनात अंथरलेल्या टेबलावर हा खेळ खेळत, तेव्हा त्यांच्या हाती 'मेस' नावाचे दांडके असे. त्याच्या टोकाला लाकडाचा जाड ठोकळा बसवलेला असे, आणि त्याने चेंडू मारायचा नसून ढकलायचा असे. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटून थांबला की हा ठोकळा निरुपयोगी ठरे. मग खेळाडू दांडके उलटे करी आणि त्याच्या मुठीकडच्या बारीक टोकाने चेंडूला टोचा मारी. फ्रेंच भाषेत शेपटीला 'क्यू' म्हणतात. दांडक्याची ही शेपटीच पुढे स्वतंत्र हत्यार झाली आणि ठोकळा मागे पडला. मात्र पुष्कळ दिवस क्यू वापरण्याची मुभा फक्त कसलेल्या खेळाडूंनाच असे. नवशिक्याने बनात फाडली तर ती भरून कोण देणार, ही मालकांची धास्ती होती.

या नुसत्या लाकडी टोकात एक मोठी उणीव होती. चेंडूच्या बरोबर मध्यावर आघात केला तर तो सरळ जाई. पण मध्य किंचित सोडून मारले की गुळगुळीत लाकूड गुळगुळीत हस्तिदंतावरून घसरे आणि फटका वाया जाई. म्हणून खेळाडू टोकाला खडू चोळीत. आणि कोणी कोणी तर दिवाणखान्याच्या भिंतीच्या किंवा छताच्या चुन्यात टोक फिरवीत, असे सांगतात. घर्षण हवे, हे हाताला कळले होते. ते कोठून आणावे, हे मात्र कळले नव्हते.

ते कळले एका कैद्याला. फ्रांस्वा मेंगो नावाचा फ्रेंच पायदळातील एक कप्तान राजकीय कारणावरून पॅरिसला तुरुंगात पडला होता. त्या तुरुंगात बिलियर्डचे टेबल होते. तेथे खेळता खेळता त्याने क्यूच्या टोकाला चामडे बसवले. हे १८०७ च्या सुमाराचे. शिक्षा संपली तेव्हा, आपला अभ्यास अपुरा राहिला आहे, तरी आणखी काही दिवस आत राहू द्यावे, अशी विनंती त्याने केली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, गोड आहे खास! पण हीच आख्यायिका सांगणारे कित्येक जण हा तुरुंग म्हणजे बॅस्टील होय, असेही ठोकून देतात. ते मात्र आम्हांला मान्य करता येत नाही. बॅस्टील १७८९ साली लोकांनी घेतले आणि लगोलग पाडून टाकले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. जो किल्ला उरलाच नव्हता, त्यात अठरा वर्षांनी चामडे कसे चिकटवणार? नामांकित शोधाला नामांकित जागा हवी, एवढ्याच हौसेने ही भर पडलेली दिसते.

चामड्याने नेमके काय केले? क्यू आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्या वेळात चामडे किंचित दबते आणि खडूच्या कणांच्या साहाय्याने चेंडूला धरून ठेवते. मग मध्यापासून त्रिज्येच्या जवळजवळ निम्म्या अंतरापर्यंत आघात केला तरी टोक घसरत नाही. चेंडूच्या खालच्या भागावर मारले तर तो उलटा फिरत पुढे जातो आणि दुसऱ्या चेंडूवर आदळताच मागे परततो. वर मारले तर धडकेनंतरही पुढे धावतो. बाजूला मारले तर टेबलाच्या कडेवर आपटून निराळ्याच कोनाने वळतो. ज्याला आज आपण स्नूकर म्हणतो, त्यातले सारे कौशल्य पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी हव्या त्या जागी आणून ठेवण्यात आहे. तेव्हा ही चकती काढून घेतली तर उरते ते केवळ नेमबाजीचे काम.

आता मौज पाहा. हे एकच ज्ञान तीन माणसांच्या हाती पडले आणि तिघांनी त्याचे तीन उपयोग केले. मेंगोने ते दाखवले. तो लोकांपुढे अचाट फटके मारून दाखवी, आणि १८२७ साली पॅरिसला त्याने चित्रपटांसह पुस्तक छापून आपले फटके सर्वांपुढे उघडे केले. दुसरा माणूस इंग्लंडातील बाथ शहरचा जॅक कार. हा बिलियर्डच्या एका दिवाणखान्यात मार्कर होता. म्हणजे गुण मांडणे, चेंडू लावणे, क्यू सांभाळणे, ही चाकरी करणारा माणूस. दिवाणखान्याचे मालक बार्टली यांनी त्याला बाजूच्या फटक्याचे मर्म सांगितले. कारने ते लपवले. चेंडू वळतो तो आपल्या खास चूर्णाने, असे भासवून त्याने त्या चूर्णाच्या डब्या चांगल्या किमतीला विकल्या. आत होता साधा खडू!

तिसरा माणूस गास्पार गुस्ताव्ह कोरिऑलिस. फिरत्या पृथ्वीवर वारे का वळतात हे समजावताना शास्त्रज्ञ ज्याचे नाव घेतात, तोच हा गणिती. त्याने १८३५ साली बिलियर्डच्या खेळाचे गणित सांगणारा ग्रंथ लिहिला. चेंडूच्या मध्याच्या वर त्रिज्येच्या दोन पंचमांश उंचीवर आडवा आघात केला तर चेंडू जरासाही न घसरता पहिल्या क्षणापासून लोळू लागतो, हे गणिताने निघते. मेंगोचा हात जे करी, ते का होते, हे आता कागदावर मांडता येऊ लागले.

या तिघांत कारला लबाड म्हणून हिणवणे सोपे आहे. आम्हांला मात्र तेवढ्यावर थांबवत नाही. कप्तानाला पुस्तक छापता आले. गणितीला विद्यापीठांचा मान मिळाला. नोकरी करणाऱ्या मार्करला आपल्या हातातील कसब विकण्याचा दुसरा कोणता मार्ग होता? त्याच्या ज्ञानाला कोणी मोल देत नव्हते, डबीला देत होते. म्हणून त्याने ज्ञान डबीत भरले. खडूबद्दल सांगायचे तर, १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी वाळूतील सिलिका आणि कुरुंदाच्या जातीची भुकटी यांपासून बनवलेल्या नव्या खडूचे पेटंट घेतले. तेव्हापासून टेबलावरचा खडू हा नावापुरताच खडू राहिला आहे.

आता हा खेळ आपल्या देशाकडे वळतो. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावरील जुन्या डावात रंगीत चेंडूंची भर घातली आणि त्यातून स्नूकर निघाला. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. 'स्नूकर' हा मूळचा लष्करी विद्यालयातील नवख्या विद्यार्थ्याला चिडवण्याचा शब्द. ही हकीकत चेंबरलेनने १९३८ साली इंग्लंडातील 'द फील्ड' या नियतकालिकाला पत्र लिहून सांगितली. त्रेसष्ट वर्षांनंतरची आठवण म्हणून तिच्याकडे सावधपणेच पाहिले पाहिजे. पण त्या काळच्या इतर अधिकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला, म्हणून ती ग्राह्य धरतात. पुढे उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून लावले गेले.

१८७५ हे साल आपल्यालाही परके नाही. त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एकीकडे छावणीच्या बंद दालनात एक खेळ जन्मत होता, आणि दुसरीकडे जो येईल त्याने ऐकावे, असे ज्ञानाचे सत्र उघडत होते. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण दोन्हीकडच्या दारांत फरक होता, तो विसरून चालणार नाही. त्या काळच्या युरोपियन क्लबांतून हिंदी माणसाला सभासद होण्याची सोय बहुधा नसे. तो आत जाई तो मार्कर म्हणून. साहेबाचा फटका चुकला तर क्यू पुसून द्यायचा, गुण मांडायचे, आणि रात्री दिवे मालवण्यापूर्वी झिजलेली चकती बदलायची, हे त्याचे काम.

हे काम कसे चाले, तेही पाहण्यासारखे आहे. स्नूकरच्या क्यूच्या टोकाला पितळी शेंबी असते. प्रथम जुनी चकती धारदार पात्याने उतरवायची. शेंबीच्या तोंडावर राहिलेला जुना सरस खरवडून ते तोंड अगदी सपाट करायचे. घाईने घासले तर कडा गोलसर होतात. मग नवी चकती मधोमध तेवढी टेकते, कडेला फट राहते, आणि चार दिवसांत ती उडते. नव्या चकतीची पाठही काचकागदावर घासून सपाट करायची. चकती शेंबीपेक्षा किंचित मोठी घ्यायची, म्हणजे मागून छाटता येते. सरस विस्तवावर थेट ठेवला तर करपतो, म्हणून तो गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पातळ करायचा. जनावरांची कातडी नि हाडे उकळून काढलेला तो सरस. म्हणजे चामडे चिकटवायचे तेही चामड्याच्याच अर्काने! चकती दाबून बसवली की रात्रभर तिला हात लावायचा नाही. सकाळी क्यू उलटा धरून टोक फळीवर टेकवायचे आणि बाहेर आलेली कड सुरीने शेंबीच्या रेषेत छाटायची. शेवटी कानशीने हलक्या हाताने माथ्याला घुमटासारखी गोलाई द्यायची. माथा सपाट राहिला तर बाजूच्या फटक्याला नुसती कडच लागते.

एवढे करूनही काम संपत नाही. नवे चामडे पहिले काही दिवस दबत राहते, पसरते. ते पुन्हा छाटावे लागते. खेळाडूला तर आपलाच क्यू परका वाटू लागतो. ओळखीचा फटका जोरात जातो किंवा अपुरा पडतो. म्हणून मोठ्या सामन्याच्या तोंडावर चकती बदलण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही. आणि ऐन डावात ती निखळली, तर ती बसवणाऱ्याचा उद्धार होतो. नीट बसलेल्या चकतीबद्दल मात्र त्याचे नाव कोणी काढत नाही. आता सरसाचे भांडे गेले. अमेरिकेत हॅरी कूव्हर यांना १९४२ साली हाती लागलेला आणि १९५८ साली बाजारात आलेला झटपट चिकटणारा गोंद त्या कामी येतो, आणि रात्रभराची वाट मिनिटांवर आली. परंतु तोंड सपाट करण्याची आणि माथा गोल करण्याची नजर बाटलीतून मिळत नाही.

त्याच १९५८ साली कलकत्त्याला हौशी खेळाडूंच्या जागतिक बिलियर्ड स्पर्धेत विल्सन जोन्स यांनी अजिंक्यपद मिळवले. १९२२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस. जागतिक अजिंक्यपद मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पद दुसऱ्यांदा जिंकले. पुढे त्यांनी नव्या खेळाडूंना शिकवले, आणि १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. साहेबांच्या क्लबातील खेळ आपल्या माणसाने जिंकला, याचा आनंद आहेच. पण त्याने तो डबीत भरून न ठेवता पुढच्यांच्या हाती दिला, याचा आम्हांला अधिक आनंद वाटतो.

मेंगोचे नाव पुस्तकांत आहे, कोरिऑलिसचे शास्त्रात आहे, चेंबरलेनचे खेळाच्या इतिहासात आहे. जबलपुरास आणि उटकमंडास रात्री सरसाचे भांडे घेऊन बसणाऱ्या मार्करांपैकी एकाचेही नाव आम्ही तुम्हांला सांगू शकत नाही. गुणफलकावर ते इतरांचे आकडे मांडीत राहिले. त्यांचा स्वतःचा फलक कोठेच नव्हता. आपल्या गावातही अशी माणसे आहेत: तबल्याला शाई भरणारे, सतारीची जवारी काढणारे, छापखान्यात खिळे जुळवण्यात ज्यांचा जन्म गेला ते वृद्ध जुळारी. त्यांना त्यांची कामे कशी करता, हे विचारावे आणि लिहून ठेवावे, एवढीच आमची आजची विनंती आहे. ते जिवंत आहेत तोवर हे काम सोपे आहे.