काठ कोणाचा? गोदावरी आणि नाशिकची दोन हजार वर्षे

१/ नाशिकच्या नैऋत्येला त्रिरश्मी डोंगर आहे. तेथील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. त्यांतील दहाव्या लेण्याच्या भिंतीवर एका राजाच्या जावयाने आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. गाई, गावे, सोने अशी दाने त्या काळी अनेकांनी दिली. या यादीत मात्र आणखी एक दान आहे: सहा नद्यांवर ठेवलेल्या नावा, ज्यांतून कोणीही विनामूल्य पैलतीर गाठावा. नदीचा काठ कोणाचा, हा प्रश्न नाशिकला तेव्हापासून सोबत करतो आहे.

२/ प्रथम भूगोल. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर. तरीही सह्याद्रीचा उतार तिला पूर्वेकडे वळवतो आणि ती १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. याच परिसरात उगम पावणाऱ्या दमणगंगा आणि पार या नद्या मात्र पश्चिमेला उतरून अरबी समुद्र गाठतात. डोंगराची एक धार एकाच पावसाचे दोन वाटे करते.

३/ पाऊसही असाच वाटला जातो. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिकला जेमतेम सातशे. म्हणून नाशिकची नदी आपल्या आभाळावर जगत नाही, वरच्या डोंगरांवर जगते. शहरात ऊन असताना नदीला पूर येऊ शकतो. आणि पावसाळा सरला की काळ्या कातळाचे पात्र उघडे पडू लागते.

४/ शहरात शिरल्यावर रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते. दक्षिणवाहिनी प्रवाह पवित्र मानण्याच्या परंपरेमुळे या वळणाला तीर्थाचे महत्त्व आले. उजव्या काठावर जुने नाशिक, डाव्या काठावर पंचवटी. पुढे कपिला नदीचा संगम आणि तपोवन. शूर्पणखेच्या नासिकेवरून गाव नासिक झाले, अशी एक कथा. नऊ शिखरांवर वसले म्हणून नाशिक, अशी दुसरी. जुन्या गावातले चढउतार पायी चालणाऱ्याला दुसरी कथाही सहज पटते.

५/ कथांच्या मागे मातीचा पुरावा आहे. उजव्या काठावरच्या ‘मातीची गढी’ नावाच्या टेकाडात १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. लोखंड येण्याआधीच माणसाने येथे घर केले होते. पाणी हाताशी हवे, पण पुराच्या आवाक्याबाहेर राहावे, ही निवड त्या पहिल्या वस्तीनेच केली होती.

६/ गावाचे नावही प्राचीन आहे. मध्य भारतातील भारहूतच्या स्तूपावर नासिकच्या गोरक्षिता नावाच्या स्त्रीने दिलेल्या स्तंभाचा लेख आहे. पांडवलेण्यांच्या एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नासिकच्या एका महामात्राने ते लेणे करविल्याची नोंद आहे. अठराव्या लेण्यात तर नासिककरांनी मिळून दिलेल्या दानाचा उल्लेख सापडतो. गाव म्हणून एकत्र येऊन दान देणारे हे लोक दोन हजार वर्षांपूर्वीचे.

७/ गाव एवढे सधन कशामुळे झाले? घाटामुळे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल थळघाट चढून नाशिकला येई आणि पुढे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, तसेच तगर, म्हणजे आजचे तेर, येथे जाई. घाट चढून दमलेल्या तांड्यांना पाणी, चारा आणि बाजार देणारे पहिले मोठे ठिकाण म्हणजे ही नदीकाठची वस्ती. लेख या परिसराला ‘गोवर्धन’ म्हणतात. त्या नावाचे गाव नाशिकच्या पश्चिमेला आजही आहे.

८/ या मार्गावर ताबा मिळवण्यासाठी क्षहरात क्षत्रप आणि सातवाहन झगडले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, दिनीकाचा पुत्र, याने दहावे लेणे खोदवले. आरंभी उल्लेखिलेली नावांची सोय त्याचीच. त्याच्या लेखात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांची नावे येतात. दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार. काठांवर त्याने विश्रामस्थाने आणि पाणपोया घातल्याचेही लेखात म्हटले आहे.

९/ त्याच लेण्यातील दुसरा लेख म्हणजे एक ठेवपावतीच आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून वर्षावासासाठी लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा खर्च काठावरच्या विणकरांच्या मागांवर विसंबून होता.

१०/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. या विजयाचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ, दारणा आणि गोदावरीच्या संगमावरील जोगलटेंभी येथे सापडला. तेथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सुमारे तेरा हजारांचा साठा मिळाला आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. राजा बदलला, चांदी तीच राहिली.

११/ तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आज्ञापत्रे कोरलेली आहेत. राज्याच्या अठराव्या वर्षी, सैन्याच्या विजयी छावणीतून, त्याने गोवर्धनच्या अमात्याला कळवले: पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना दिले आहे. जिंकल्यानंतर राजाने त्या प्रांतात काय केले, तर शत्रूकडची जमीन भिक्खूंच्या नावे लिहून दिली.

१२/ सहा वर्षांनंतरचे पत्र अधिक बोलके आहे. ते राजा आणि राजमाता यांच्या नावे आहे. त्यात म्हटले आहे की ते शेत कोणी कसत नाही आणि त्या गावात वस्तीही नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत. दगडात कोरलेली आज्ञाही शेत पिकवू शकत नाही. जमीन कसणारा माणूस नसेल, तर दान कागदावरच राहते, हे त्या दरबारालाही कळले होते.

१३/ आणखी एक लेख सातवाहनांच्या पश्चात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली. त्या श्रेणींत तेली आहेत आणि ‘ओदयंत्रिक’ही आहेत. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे. पाणी उचलून देण्याचे काम करणाऱ्या कारागिरांची संघटना, आणि तीही लोकांनी पैसे विश्वासाने ठेवावेत एवढ्या पतीची.

१४/ शतके उलटली. मोगल काळात शहराचे नाव गुलशनाबाद झाले. मराठ्यांच्या अमलात ते पुन्हा नाशिक झाले. अठराव्या शतकात पेशव्यांच्या सरदारांनी काठावर दगडी घाट आणि मंदिरे उभारली. नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ साली रामेश्वराचे मंदिर बांधले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी पंचवटीत काळ्या पाषाणातले काळाराम मंदिर उभे केले.

१५/ नारोशंकर मंदिराच्या दर्शनी भागावर एक मोठी घंटा आहे. ती पोर्तुगीजांची, वसईच्या विजयाची खूण मानली जाते. थोड्या अंतरावर नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिककर पूर मोजतो तो या दोघांवर: पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, घंटेपर्यंत चढले. १९६९, २००८ आणि २०१९ चे पूर आजही याच मापाने सांगितले जातात.

१६/ १८१८ साली शहर इंग्रजांकडे गेले. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटातून रेल्वे सुरू झाली. ज्या घाटाने नाशिकला मोठे केले, त्याच घाटातून आता आगगाडी धावू लागली. पण तिचे स्थानक नदीकाठच्या गावापासून कित्येक किलोमीटर दूर, नाशिकरोडला पडले. दोन हजार वर्षांत प्रथमच नाशिकच्या वाढीची दिशा नदीखेरीज दुसऱ्या कशाने तरी ठरू लागली.

१७/ काठाचा सर्वांत कठोर प्रश्न १९३० साली उभा राहिला. २ मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांचा मोर्चा काळाराम मंदिराकडे निघाला. दादासाहेब गायकवाड आणि अमृतराव रणखांबे हे स्थानिक पुढारी अग्रभागी होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. मोर्चा तेथून गोदेच्या घाटाकडे वळला आणि त्याच घाटावर त्याची सभा झाली.

१८/ एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. लढा अनेक वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. ज्या प्रदेशात परक्या वाटसरूला विनामूल्य नाव मिळाल्याचा लेख आहे, त्याच प्रदेशात शहरातल्याच माणसांना देवळाच्या उंबरठ्यावर अडवले गेले. नाशिकच्या इतिहासात या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

१९/ स्वातंत्र्यानंतर प्रश्न पाण्याकडे वळला. शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर गंगापूर धरण झाले. ते १९६५ साली पूर्ण झाले. खाली पैठणला १९७६ साली जायकवाडीचा नाथसागर भरू लागला. एका टोकाला गोवर्धन, दुसऱ्या टोकाला प्रतिष्ठान: सातवाहनांची तीच दोन नगरे, त्यांना जोडणारी तीच नदी. पूर्वी त्यांच्यामध्ये व्यापारी माल जाई. आता त्यांच्यामध्ये पाण्याचा हिशेब आहे.

२०/ २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप बंधनकारक केले. मेंढेगिरी समितीने त्याचे सूत्र ठरवले: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे. २०१५ आणि २०२३ सारख्या तुटीच्या वर्षी तसे पाणी सोडले गेले. वर द्राक्षबागा आणि वाढते शहर, खाली मराठवाड्याची तहान. दोन्ही बाजूंचा शेतकरी खोटे बोलत नाही, म्हणूनच हा तंटा अवघड आहे.

२१/ शहरातल्या पात्राचीही कथा आहे. रामकुंडाच्या परिसरात पात्रात अनेक जुनी कुंडे होती. सिंहस्थातील गर्दीच्या सोयीसाठी त्यांच्या तळाशी काँक्रीट घातले गेले. खालचे झरे त्यामुळे बुजले, असे नदीप्रेमींचे म्हणणे, आणि ते काँक्रीट काढावे ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. २०१५ चा सिंहस्थ पार पडला आणि पुढच्याच वर्षी, २०१६ च्या उन्हाळ्यात, रामकुंड कोरडे पडले. लाखोंनी जेथे स्नान केले, तेथे टँकरने पाणी ओतावे लागले.

२२/ आता पश्चिमेला वाहून जाणारे दमणगंगा आणि पार या नद्यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवण्याच्या योजना चर्चेत आहेत. उषवदाताच्या लेखातल्या त्याच या नद्या. त्याने त्यांच्यावर नावा ठेवल्या. आजचा अभियंता त्यांना डोंगराच्या धारेपलीकडे नेऊ पाहतो. पण पाणी आणले तरी ते कोणाला, किती आणि कोणत्या महिन्यात, हे डोंगराची धार ठरवून देणार नाही.

२३/ २०२७ साली नाशिकला पुन्हा सिंहस्थाचे स्नान होईल. रामकुंडावर उभ्या राहणाऱ्या यात्रेकरूच्या पायाखालच्या पाण्यात त्र्यंबकचा पाऊस असेल, गंगापूरचा साठा असेल आणि पैठणला अजून न पोचलेला वाटाही असेल. तेथून काही किलोमीटरवर, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर, त्या सहा नावांची नोंद अजूनही वाचता येते. त्या नावा कोणासाठी, कोणत्या जातीसाठी, कोणत्या गावासाठी, अशी अट त्या लेखात कोठेही कोरलेली नाही.