ओळखा पाहूं, गाणें कोणाचें?

गाण्याचे चार सूर कानांवर पडतांच "हें कोणाचें?" असा प्रश्न मनांत उभा राहावा, हें आपणांस अगदीं स्वाभाविक वाटतें. आज तर या प्रश्नाचा एक खेळच झाला आहे, आणि दूरदूरचे मित्र आंतरजालावर एकत्र जमून तो खेळतात. परंतु या प्रश्नास स्वतःचा इतिहास आहे आणि तो फार जुना नाहीं. पूर्वीं मैफलींत गवई समोरच बसलेला असे. त्याला ओळखण्याचें कारण पडत नसे. अभंगाच्या शेवटच्या चरणांत तर कर्त्याचें नांवच गुंफलेलें असे. आवाज गाणाऱ्यापासून सुटून एकटाच प्रवास करूं लागला, तेव्हांच त्यास ओळखण्याची गरज निर्माण झाली.

आमच्या लहानपणीं गाण्यांचा खेळ म्हणजे भेंड्या. एका पक्षाचें पद ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षरानें दुसऱ्या पक्षानें आरंभ करावयाचा. मोरोपंतांच्या आर्या, रामदासांचे श्लोक आणि चित्रपटांतील गीतें, सर्व कांहीं त्यांत चाले. या खेळानें पाठांतर उत्तम होई. पण पद कोणी रचिलें, हें विचारण्याची त्यांत सोय नव्हती. शेवटचें अक्षर मिळालें कीं काम भागलें!

नांवाचा प्रश्न आला तो तबकडीबरोबर. सन १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या तबकड्या तयार होण्यासाठीं जर्मनींतील हानोव्हर शहरीं जात. तेथील कारागिरांस हिंदुस्थानी गायिकांचे आवाज कसे ओळखूं यावे? म्हणून गाणें संपतांच गायिकेनें आपलें नांव स्वतःच इंग्रजींत सांगावें, अशी रीत पडली. गौहरजान यांचा तो उच्चार जुन्या तबकड्यांवर आजही ऐकूं येतो. सोय कारखान्याची होती; परंतु तिच्यामुळें आवाज आणि नांव एकत्र राहिलीं.

बोलपटांत तीं पुन्हां दुरावलीं. प्रारंभीं नटनटी स्वतःच गात. सन १९३५ च्या 'धूपछाँव' या बोलपटापासून पार्श्वगायन रूढ होऊं लागलें, आणि पडद्यावर ओठ एकाचे व कंठ दुसऱ्याचा, असा प्रकार सुरू झाला. सन १९४९ मध्यें 'महल' हा चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांनीं स्वरबद्ध केलेलें त्यांतील एक गीत घरोघर पोहोंचलें. पण तबकडीवर गायिका म्हणून नांव छापलें होतें 'कामिनी'. ही कामिनी म्हणजे मधुबालानें रंगविलेली भूमिका! ऐकणारांचें त्यानें समाधान होईना. रेडिओकडे पत्रें येऊं लागलीं, रेडिओनें तबकडीच्या कंपनीकडे विचारणा केली, आणि मग लता मंगेशकर हें नांव श्रोत्यांस सांगण्यांत आलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कलावंताचें नांव येथें कोणी मालकानें आपण होऊन दिलें नाहीं. सामान्य श्रोत्यानें तें विचारून घेतलें.

पुढें याच जिज्ञासेचा जाहीर खेळ झाला. सन १९५२ मध्यें नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथें त्याच वर्षीं ३ डिसेंबरला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढें लोकप्रियतेच्या पायऱ्यांसाठीं ती प्रसिद्ध झाली, परंतु आरंभीं ती स्पर्धाच होती. सात गीतें वाजवीत, आणि तीं कालक्रमानें लावून श्रोत्यांनीं पत्रानें कळवावयाचीं. बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रें आलीं, आणि वर्षभरांत हा आंकडा आठवड्यास पासष्ट हजारांवर गेला. निवेदक अमीन सयानी यांस तीं आंवरणें कठीण झालें. गाणें ओळखण्याच्या आजच्या खेळाचा हाच खरा पूर्वज होय. आंतरजालाचें काम तेव्हां टपालखातें करीत होतें.

आमचें तुळिंज नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेस आहे. सन २००९ पासून तें वसई-विरार महानगरपालिकेंत आहे. येथील आयुष्य लोकलगाडीच्या वेळापत्रकावर चालतें, आणि गाडीच्या डब्यांतलीं भजनें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. सन २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें गाड्या थांबल्या, भजनें थांबलीं, भेटीही थांबल्या. तेव्हांपासून आम्ही आठ मित्र, कोणी येथें, कोणी पुण्यास, कोणी नाशकास, तर एक परदेशीं मुलाकडे, दर शनिवारीं रात्रीं फोनच्या पडद्यावर जमतों. एकानें गाण्याच्या आरंभीचें वाद्यसंगीत वाजवावयाचें, इतरांनीं ओळखावयाचें. प्रत्येकाकडे आवाज निरनिराळ्या क्षणीं पोहोंचतो. म्हणून "आधीं कोण बोलला" यास आमच्यांत किंमत नाहीं. उत्तर कागदावर लिहून सर्वांनीं एकदमच पडद्यासमोर धरावयाचें, असा नियम आहे.

त्या कागदांवर मला एक गोष्ट वारंवार दिसते. गायकाचें नांव बहुतेक सर्वजण लिहितात. संगीतकाराचें निम्मे लिहितात. कवीची जागा मात्र पुष्कळदां कोरी राहते. गायकाविषयींही फसगत होते ती निराळीच. 'गीतरामायणा'चा प्रश्न आला कीं हात सरळ 'सुधीर फडके' असें लिहून मोकळा होतो. वास्तविक १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेलीं तीं छप्पन्न गीतें माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा अनेकांच्या कंठांतून आलीं होतीं. शब्द गदिमांचे व संगीत फडक्यांचें. पुढें फडक्यांनीं जाहीर कार्यक्रमांतून तीं स्वतः गाइलीं, आणि आठवणींत एकच आवाज उरला.

कोणी म्हणेल, हल्लीं फोनला गाणें ऐकविलें कीं क्षणांत तो नांव सांगतो. मग ही खटपट कशाला? श्रोतेहो, फोननें सांगितलेलें नांव फोनपाशींच राहतें. मनाला ताण देऊन आठवलेलें, आणि चार मित्रांसमोर चुकल्यावर कळलेलें नांव मात्र आपलें होतें. सन २०२२ मध्यें जगभर गाजलेल्या 'हर्डल' या खेळांत प्रथम गाण्याचा एकच सेकंद ऐकवीत, आणि न ओळखल्यास तो तुकडा वाढवीत नेत. सेकंदभर कान देऊन ऐकण्याची ही संवय चांगलीच. पण तेथें गाण्याच्या शीर्षकावरच खेळ संपे.

आमच्या मंडळींत आतां गायकास एक गुण, संगीतकारास एक आणि कवीस दोन गुण दिले जातात. कोऱ्या जागा हळूहळू भरत आहेत. आपल्या घरीं हा खेळ खेळाल, तर एवढीच विनंती: "कोणी गाइलें?" येथें थांबूं नका. चाल कोणाची आणि शब्द कोणाचे, हेंही विचारा. ऐकणारानें नांव विचारलें, म्हणूनच कामिनीच्या पडद्यामागील गायिका आपणांस कळली. ज्यांचीं नांवें आपण विचारणें सोडूं, तीं पुढच्या पिढीस कळणार नाहींत.