प्रश्नकर्त्याचें ऋण

घरीं पाहुणे आले म्हणजे लहान मुलास पुढें बोलावून ‘तुला आई अधिक आवडते कीं बाबा?’ असें विचारण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. मूल क्षणभर दोघांकडे पाहतें, ओशाळतें, कांहीं तरी उत्तर देतें; मंडळी हंसतात आणि गोष्ट तेथेंच संपते. आपल्यापुरती ती संपते. मुलापुरती ती संपते कीं नाहीं हें पाहण्याइतकी सवड कोणास नसते. बालमनाचें शास्त्र हें मुलांस असेच प्रश्न विचारून वाढलेलें आहे. विचारणारा विद्वान असतो, त्याचा हेतु गंभीर असतो, आणि मिळालेलीं उत्तरें कोष्टकांत मांडून तो तीं जगापुढें ठेवितो. परंतु ज्या मुलानें उत्तर दिलें त्याचें विचारणारावर कांहीं ऋण राहतें कीं काय, हा विचार शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच आढळतो. तें ऋण ज्यांनीं आपल्या परीनें फेडलें अशा एका दांपत्याची हकीकत आज वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेमी फिप्स यांचा जन्म १९१७ सालीं अमेरिकेंतील आर्कान्सा राज्यांत हॉट स्प्रिंग्ज या गांवीं झाला. वडील डॉक्टर होते. घरांत अन्नवस्त्रास तोटा नव्हता. परंतु त्या प्रांतांत कृष्णवर्णीयांची शाळा निराळी, बसण्याची जागा निराळी, अशी रीत कायद्यानेंच घालून दिलेली होती. ज्या महाराष्ट्रानें पाणवठे निराळे आणि देवळांचे दरवाजे बंद असलेले पाहिले आहेत, त्यास ही रीत समजावून सांगण्याची गरज नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या लोकांस अर्पण केलें, तेव्हांच हें साम्य त्यांनीं ओळखलें होतें.

मेमी या गणित शिकण्यासाठीं हॉवर्ड विद्यापीठांत गेल्या. तेथें केनेथ क्लार्क यांची गांठ पडली आणि त्या मानसशास्त्राकडे वळल्या. १९३७ सालीं दोघांचा विवाह झाला. लहान कृष्णवर्णीय मुलांस आपल्या स्वतःची, आणि त्याबरोबरच आपल्या वर्णाची, जाणीव केव्हां व कशी होते, हा मेमी यांच्या १९३९ च्या प्रबंधाचा विषय होता. पुढें तोच दोघांच्या संशोधनाचा पाया झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतून केनेथ यांनीं १९४० सालीं व मेमी यांनीं १९४३ सालीं डॉक्टरेट मिळविली. याच विद्यापीठांत १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते, हें वाचकांस आठवत असेलच. मेमी यांचे मार्गदर्शक प्राध्यापक हेन्री गॅरेट हे मात्र वर्णभेदाचे पुरस्कर्ते. पुढें व्हर्जिनिया राज्यांतील शाळांच्या खटल्यांत ते विरुद्ध बाजूनें साक्षीस उभे राहिले. गुरु असा आणि शिष्या अशी, हा योग कांहीं लहानसा नव्हे!

क्लार्क दांपत्याचा जो प्रयोग जगांत गाजला तो बाहुल्यांचा. चार बाहुल्या, रंगावांचून सर्व गोष्टींत सारख्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. तीन ते सात वर्षें वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढें त्या ठेवण्यांत आल्या. त्यांपैकीं १३४ मुलें आर्कान्सांतील निराळ्या शाळांतलीं होतीं, तर ११९ मुलें उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मिश्र शाळांत जाणारीं होतीं. तुला खेळावयास कोणती हवी, चांगली कोणती, वाईट दिसणारी कोणती, असे प्रश्न क्रमानें विचारले गेले. आणि सर्वांत शेवटीं, ‘यांतली तुझ्यासारखी कोणती?’ हा प्रश्न आला. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणें शेंकडा ६७ मुलांस खेळावयास गोरी बाहुली हवी होती, आणि शेंकडा ५९ मुलांनीं ‘वाईट दिसणारी’ म्हणून तपकिरी बाहुलीकडे बोट दाखविलें. आपल्या मुली चिंध्यांच्या ठकीस पोटाशीं धरून निजवितात. तिचें नाक नकटें आहे कीं रंग मळका आहे हें त्यांच्या ध्यानींमनींहि नसतें. त्याच वयाच्या या मुलांच्या मनांत आवडीनिवडीच्या आधीं रंग येऊन बसला होता.

परंतु त्या निबंधांत आंकड्यांहून अधिक बोलकी अशी एक नोंद आहे. शेवटचा प्रश्न येईपर्यंत हंसतखेळत असलेलीं कांहीं मुलें त्या प्रश्नासरशीं रडूं लागलीं; दोन मुलें तर हुंदके देत खोलीबाहेर पळून गेलीं व त्यांची समजूत घालतां येईना. प्रयोगाच्या दृष्टीनें हा पुरावा मोलाचा खरा. पण त्या दोन मुलांनीं शास्त्रास जें दिलें तें आनंदानें दिलें नव्हतें. ज्या वेदनेची शास्त्रानें नोंद घेतली तिच्यावर इलाज करण्याचें काम कोणाचें? आमच्या मतें क्लार्क दांपत्याचा मोठेपणा बाहुल्यांच्या प्रयोगांत जितका आहे त्याहून अधिक या दुसऱ्या प्रश्नास त्यांनीं दिलेल्या उत्तरांत आहे.

तें उत्तर एका तळघरांत मिळालें. डॉक्टरेट हातीं असूनहि मेमी यांस मनाजोगें काम मिळेना. निराधार कृष्णवर्णीय मुलींच्या एका आश्रमांत मुलींची बौद्धिक चांचणी घेण्याचें काम त्या करूं लागल्या, आणि तेथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या मुलींच्या मनाची विचारपूस करणारी संस्था न्यूयॉर्कसारख्या महानगरांतहि जवळजवळ नाहींच. पतिपत्नींनीं शहरांतील समाजसेवेच्या संस्थांकडे खेटे घातले, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत शाखा उघडा म्हणून विनविलें. कोणीहि दाद दिली नाहीं. तेव्हां मेमी यांच्या वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन, हार्लेममधील डनबार नांवाच्या इमारतीच्या तळघरांत, १९४६ सालीं त्यांनीं ‘नॉर्थसाइड’ केंद्र उघडलें. काम करणारे बहुतेक विनावेतन आपला वेळ देणारे होते.

प्रारंभीं लोक बिचकत. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ आपलें मूल न्यावयाचें म्हणजे घराण्यास बट्टा, ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असें नाहीं. पण आईबाप आले ते निराळ्याच दाराने. सरकारी शाळा त्यांच्या मुलांवर मतिमंदत्वाचा शिक्का मारून त्यांस निराळ्या वर्गांत बसवीत असत. आमचें मूल खरोखर मंद आहे काय, एवढें पाहून सांगा, ही त्यांची मागणी. मेमी यांनीं मुलांची चांचणी घेतली तेव्हां त्यांतील बहुतेकांचा बुद्ध्यंक त्या वर्गाच्या मर्यादेहून वर निघाला. म्हणजे शाळेचें करणें त्यांच्याच नियमांविरुद्ध होतें! बुद्धिमापनाचें साधन तेंच. शाळेच्या हातांत तें मुलास बाहेर लोटणारें झालें होतें, या तळघरांत तें त्याच्या बाजूचा साक्षीदार झालें. आम्ही जन्मभर मुलांचे पेपर तपासून गुण देत आलों आहों; ही हकीकत वाचतांना आमच्या हातांतील तांबड्या पेन्सिलीचें ओझें आम्हांस किंचित् जाणवल्यावांचून राहिलें नाहीं.

नॉर्थसाइडमध्यें मतभेदहि कांहीं कमी झाले नाहींत. त्या काळीं मनोविश्लेषणाचा अंमल मोठा होता. मुलाच्या दुःखाचें मूळ त्याच्या अंतर्मनांत व आईच्या वागणुकींत शोधावें, ही रीत प्रतिष्ठित होती. क्लार्क दांपत्याचें म्हणणें असें कीं, ज्याचें घर कोंदट, ज्याची शाळा हेटाळणी करणारी आणि ज्यास धड वाचतां येत नाहीं, त्याच्या अंतर्मनांत उतरण्यापूर्वीं त्यास वाचावयास शिकवा. म्हणून मनाच्या उपचाराबरोबर वाचनाचे वर्ग, घराच्या व शाळेच्या अडचणींत मदत, हेंहि केंद्राचें नित्याचें काम झालें. पुढें केंद्र १९४८ सालीं ११० व्या रस्त्यावर गेलें आणि इतर वर्णांच्या मुलांसहि तेथें प्रवेश मिळूं लागला. मेमी यांनीं १९७९ पर्यंत त्याची धुरा वाहिली; १९८३ सालीं त्या निवर्तल्या. तें केंद्र आजहि हार्लेममध्यें चालू आहे.

त्याच १९४६ सालीं हार्लेममध्यें सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरांत ‘लाफार्ग’ नांवाचा मानसोपचाराचा दवाखाना डॉ. फ्रेडरिक वेर्थम यांनीं उघडला. प्रसिद्ध कादंबरीकार रिचर्ड राइट यांचें त्यास मोठें साहाय्य होतें. फी अवघी २५ सेंट. तो १९५८ पर्यंत चालला. या दवाखान्याच्या मंडळींनीं डेलावेअर राज्यांतील गोऱ्या व काळ्या दोन्ही वर्णांच्या मुलांस तपासून वेगळ्या शाळांचा मनावर होणारा परिणाम न्यायालयापुढें मांडला, आणि १९५२ सालीं तेथील निकाल मुलांच्या बाजूनें लागला. दोन वर्षांनीं, १७ मे १९५४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें ‘ब्राउन’ खटल्यांत वेगळ्या सरकारी शाळा घटनाविरुद्ध ठरविल्या. निकालाच्या अकराव्या तळटीपेंत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे.

येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाहुल्यांच्या प्रयोगावर आक्षेप आले आणि ते अगदींच निराधार नव्हते. उत्तरेकडील मिश्र शाळांतल्या मुलांत गोऱ्या बाहुलीची ओढ दक्षिणेकडील मुलांहून कमी नव्हे, तर कांहींशी अधिकच दिसली होती. मग दोष एकट्या वेगळ्या शाळेचा कसा, असें विरोधक विचारीत. शाळेची भिंत पाडल्यानें समाजाच्या मनांतील भिंत पडत नाहीं, हाच त्या आंकड्यांचा अर्थ आम्हांस वाटतो. खुद्द केनेथ यांसहि तो अनुभव आला. १९६२ सालीं त्यांनीं हार्लेमच्या तरुणांसाठीं मोठी योजना हातीं घेतली. वस्तींतील तरुणतरुणींसच पाहणीच्या कामांत घेतलें. १९६४ सालीं विस्तृत अहवाल काढला. पण पैसा येतांच राजकारण्यांची ओढाताण सुरू झाली व केनेथ यांस बाहेर पडावें लागलें. मोठी योजना मोडली. तळघरांत सुरू झालेलें लहान केंद्र टिकलें.

मुंबईस हा विचार अगदींच परका नव्हता. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानें १९२६ सालीं नागपाड्याच्या वस्तींत सेवाकेंद्र उघडलें. त्यांच्याच प्रेरणेनें १९३६ सालीं टाटांच्या देणगींतून समाजकार्याची शाळा निघाली, आणि १९३७ सालीं तिनें बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलें. म्हणजे नॉर्थसाइडच्या नऊ वर्षें आधीं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं बिनेच्या बुद्धिमापन चांचण्या कानडी व मराठी मुलांच्या भाषेंत व अनुभवांत बसवून १९४० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्याच्या मापानें आपलें मूल मोजूं नये, ही जाणीव त्यामागें होती.

आज आपल्या शहरांतील वस्त्यांत, आश्रमशाळांत आणि ऊसतोडीच्या कोपींवर मुलांस प्रश्न विचारण्यास येणारांची वाण नाहीं. प्रश्नावली भरून होते, प्रबंध लिहिला जातो, पदवी मिळते. मूल मात्र होतें तेथेंच राहतें. प्रश्न विचारूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. न विचारतां दुःख कळणार तरी कसें? परंतु दुसऱ्याच्या लेंकरास आपण प्रश्न विचारतों तेव्हां त्याच्या मनांतील कांहीं तरी उसनें घेत असतों. ९४६ डॉलर वडिलांस परत करतां येतात; खोलीबाहेर रडत गेलेल्या मुलांचें उसनें असें फिटत नाहीं. तें फेडावयाचें तर ज्या वस्तींत प्रश्न विचारला त्याच वस्तींत एक दार उघडावें लागतें, आणि तें पुष्कळ वर्षें उघडें ठेवावें लागतें.