मेंदूतील रक्तस्रावानंतर सूज का वाढते?

मेंदूतील रक्तस्राव थांबला, रुग्ण शुद्धीवर आहे, असे कळताच नातेवाइकांना हायसे वाटते. डॉक्टर मात्र ‘अजून काही दिवस निश्चित सांगता येणार नाही’ असे म्हणतात. या सावधपणामागचे एक प्रमुख कारण म्हणजे रक्तस्रावामागोमाग येणारी मेंदूची सूज.

ही सूज टप्प्याटप्प्याने वाढते. पहिल्या काही तासांत साकळलेले रक्त आकसते आणि त्यातील पातळ द्रव भोवतालच्या भागात झिरपतो. पुढील एक-दोन दिवसांत, रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या द्रव्यामुळे दाह होतो. रक्तवाहिन्यांचे संरक्षक आवरण सैल पडून पाणी मेंदूत शिरते. साधारण तिसऱ्या दिवसानंतर साकळलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. त्यांतून सुटलेले हिमोग्लोबिन व लोह मेंदूच्या पेशींना घातक ठरते. सुजेची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक वेगाने होते. काही रुग्णांत ती दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालू राहते.

पाय सुजला तर त्वचा ताणली जाते. कवटी ताणली जात नाही. मेंदू, रक्त आणि मस्तिष्कद्रव यांना तिच्यात ठरावीकच जागा असते. सूज वाढली की आतील दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो आणि मेंदू एका बाजूला सरकू लागतो. मार्च 2024 मध्ये सद्गुरू जग्गी वासुदेव यांच्यावर दिल्लीत तातडीची शस्त्रक्रिया झाली. त्यांचा रक्तस्राव कवटी आणि मेंदू यांच्यामधला होता. तरी वाढलेली सूज आणि एका बाजूला सरकलेला मेंदू हाच तेथेही जिवावरचा धोका होता.

वाढती गुंगी, तीव्र डोकेदुखी, उलट्या, हातापायांतील वाढता अशक्तपणा किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, ही धोक्याची लक्षणे होत. उपचारांत रक्तदाब नियंत्रणात ठेवतात, डोके सुमारे 30 अंश उंच ठेवतात, मॅनिटॉल किंवा तीव्र क्षारद्रावण शिरेतून देतात. प्रसंगी कवटीचा भाग काढून मेंदूला जागा करून देतात.

पक्षाघाताची शंका येताच 108 क्रमांकावर संपर्क साधावा. सीटी स्कॅनपूर्वी घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असल्यास तो वाढू शकतो. सत्तरी किंवा काणकोणहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास मोठा आहे. तो सुरू करण्यास विलंब न करणे एवढे मात्र कुटुंबाच्या हाती असते.