पान सुटले, फुलोरा अडकला

मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार विल्यम केन यांनी १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला. गांजा ओढणारे वेडे होतात, वेड्यांची इस्पितळे त्यांनीच भरली आहेत, असा तेव्हा बोभाटा होता. सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. त्यात तिघे हिंदी होते.

आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि इस्पितळांची दप्तरेही उघडली. तिथे भलताच प्रकार होता. रुग्ण दाखल करताना आजाराच्या कारणाचा रकाना भरावा लागे आणि पुरती चौकशी न करताच तिथे गांजा लिहून मोकळे होत. १८९२ सालच्या अशा २२२ नोंदी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत. बेताने सेवन करणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक. बंदी नको, परवाने आणि कर पुरेत, असा निष्कर्ष १८९४ साली निघाला. अबकारी उत्पन्नावर डोळा असलेल्या सरकारलाही तो सोयीचा होता. परवानाधारक दुकानांतून गांजा विकला जात राहिला.

चित्र पालटले ते १९६१ च्या न्यूयॉर्कमधल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे. भांगेची परंपरा सांभाळण्यासाठी भारताने भांडून एक सवलत पदरात पाडून घेतली. झाडाचा फुलोरा बंदीच्या यादीत गेला, नुसती पाने बाहेर राहिली. त्यामुळे होळीची भांग वाचली (महाराष्ट्रात तिलाही दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो). चिलमीतला गांजा मात्र पंचवीस वर्षांत बंद करायचा होता.

ही मुदत संपत आली तेव्हा, १९८५ साली, संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा झटपट मंजूर केला. आता पाच ग्रॅमपेक्षा जास्त चरस सापडला, तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी होती. १९८९ मध्ये काही फेरगुन्ह्यांसाठी फाशी सक्तीची झाली. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली घटनाबाह्य ठरवली.

२००१ साली दोन देशांनी दोन वाटा धरल्या. पोर्तुगालमध्ये दहा दिवसांच्या वैयक्तिक वापरापुरता साठा बाळगणे गुन्हा राहिला नाही. सापडलेला माणूस न्यायालयाऐवजी समुपदेशन समितीपुढे जाऊ लागला. भारताने शिक्षेची वजनावर प्रतवारी केली: गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’, वीस किलोंपासून पुढे ‘व्यापारी’. गुन्हा मात्र गुन्हाच राहिला.

‘एम्स’च्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी लोक देशात आहेत. २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःपुरता साठा बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचारांकडे पाठवण्याची शिफारस केली. अशी सूट दिली तर विक्रेते थोडा थोडा माल खिशात घालून फिरतील, ही विरोधकांची शंका आहे. समर्थकांचे म्हणणे असे की, पोलिसांच्या हाती आज बहुतेकदा विक्रेता लागतच नाही, ओढणाराच लागतो.

कायदा अजून तसाच आहे. गांजा ओढल्याबद्दल जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद होऊ शकते. २०१४ च्या दुरुस्तीने अल्प साठा जवळ बाळगण्याची कमाल शिक्षा मात्र सहा महिन्यांवरून वर्षावर नेली. म्हणजे पुडी ओढून संपवलेल्यापेक्षा, ती अजून खिशातच असलेल्याला कायदा दुप्पट कैद सांगतो.