चारमिनारची पावली

तर झालं असं, दिवाळीला भाचा इंग्लंडहून आला तो मेटल डिटेक्टर घेऊन. तिकडे म्हणे शेतमालकाला विचारून लोक सुटीच्या दिवशी असं यंत्र घेऊन रानोमाळ हिंडतात, जुनी नाणी शोधतात. आमच्या जिंतूर तालुक्यातल्या काळ्या रानात काय सापडणार, म्हणून आम्ही हसलो. पहिल्या दिवशी निघालं ते असं: बैलाच्या पत्रीचे खिळे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं आणि मोटेचं एक गंजकं कडं.

दुसऱ्या दिवशी जुन्या विहिरीच्या धावेवर यंत्र किंचाळलं. वीतभर खाली चांदीची पावली! मी ती चिंचेनं घासली (नाणेसंग्राहक मंडळी, माफ करा). चारमिनार वर आला. मधल्या कमानीत फारसी लिपीतलं 'ऐन' हे अक्षर, म्हणजे सातवे निजाम उस्मान अली खान. हिजरी सालाचे १३४ एवढेच आकडे शिल्लक, शेवटचा झिजलेला. म्हणजे नाणं १९२१ ते १९३१ च्या दरम्यानचं.

घरातल्या पोरांना हे सांगावं लागतं की आपण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि आपला रुपयाही वेगळा होता. तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. शेजारच्या वऱ्हाडात पाऊल टाकलं की व्यवहार कलदारात. हाली पुरता बाद झाला तो १९५९ साली.

पावली आप्पांच्या तळहातावर ठेवली. आप्पा आता पंच्याऐंशीचे. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आईची हरवली होती एक."

रझाकारांच्या धामधुमीत आमचं घर वाशीमला पाहुण्यांकडे गेलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. निघण्याआधी आजी गाठीचे पैसे मोजत होती, वाटेत कलदार करून घ्यायचे म्हणून. एक पावली कमी भरली. तिनं सालगड्याला चोर म्हणलं. तो काही न बोलता बायकोपोरं घेऊन त्याच रात्री निघून गेला. ही गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती.

आता ही तीच पावली कशावरून? नसेलही. पण मला दिसतं ते असं. आजी दुपारी भाकरी घेऊन विहिरीवर आली, मोटेच्या पाण्याला वाकली, कनवटीची गाठ सैल झाली. पावली धावेच्या भुसभुशीत मातीत गेली. आणि मागोमाग त्याच गड्यानं हाकलेले बैल तिच्यावरून गेले...

१८७८ च्या कायद्यात जमिनीत दडवलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा असं आहे. ही दडवलेली की नुसती पडलेली, कोण जाणे! तरी भाच्यानं अर्ज लिहायला घेतला. कुठं सापडली, कधी, सगळं लिहून झालं. आप्पा मध्येच म्हणाले, "त्या गड्याचं नावही लिही." पण नाव त्यांना आठवेना.

आत्या, नातू तुला हे वाचून दाखवतो असं कळलं. तू तेव्हा दहा-बारा वर्षांची होतीस. नाव आठवलं तर फोन कर. अर्ज अजून दिलेला नाही.